अडीच माणसांची गाडी

वाटूर फाट्यावर जो भेटतो तो एकच विचारतो, "बापूराव, दोन दिवस कुठं गेल्ते? आन ती निळी गाडी कुठं गेली?" दर माणसाला वेगळं सांगत बसायचा मला कंटाळा आला, म्हणून लिहून काढलं. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढं बापानं मेंढरामागं धाडलं. मंग मी जीपचं स्टेअरिंग धरलं आन तीस वर्षं वाटूर-परतूर काळी-पिवळी चालवली. ऱ्हस्व-दीर्घ कुणाला काढायचं असंल त्यानं काढावं. पण जिथं गेलो, जे खाल्लं, जो जे बोलला, ते जसंच्या तसं आहे.

प्रवास काही लांबचा न्हाई. जालना ते आष्टी. बसनं माणूस सकाळी निघून दुपारी जेवायला पोचतो. आम्हाला दोन दिवस लागले, कारण गाडी तसली होती आन माणसं असली होती.

आधी गाडीचं सांगतो. माझे जावई अंकुशराव नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत कामाला आहेत. चार वर्षांमागं त्यांनी हैद्राबादच्या एका डॉक्टरकडून जुनी गाडी घेतली. जपानची. निळी, चपटी, दोन दारांची, शर्यतीच्या गाडीसारखं तोंड. अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर. पुढं दोघं बसतात. मागं एक सीट आहे, पण तिला सीट म्हणणं म्हणजे कंपनीचं मन राखणं. ही गाडी कंपनीनंच बंद करून टाकली. आता नवी कुठंच निघत न्हाई. का बंद केली, तर म्हणे गिऱ्हाइकाचं एकमत होईना. ज्याला पळणारी पाहिजे तो म्हणला, हिला जोर कमी. ज्याला पेट्रोल वाचवायचं तो म्हणला, मंग चार दारांची का घेऊ नये. अंकुशरावांनी मला मोबाइलवर दाखवलं. कुठली कुठली परदेशातली माणसं त्या गाडीवरून अजून भांडून राह्यलेत. एक म्हणतो रत्न होतं, दुसरा म्हणतो बरं झालं मेली.

तेच भांडण माझ्या लेकीच्या घरात. सविता म्हणते इका. दोन लेकरं आहेत, मोठी होऊन राह्यलीत, एक मांडीवर घ्यावं लागतं. बॅटरी दमलेली, पार्ट मिळत न्हाईत. अंकुशराव म्हणतात जीव गेला तरी इकणार न्हाई. शेवटी आष्टीचं एक गिऱ्हाईक लागलं, तेव्हा दोघांनी माझ्यावर सोडलं. "आबा तीस वर्षं ड्रायव्हर. आबा आष्टीपर्यंत चालवून बघतील. आबा म्हणतील ते दोघांनी ऐकायचं."

आष्टीला मला जायचंच होतं. आठ दिवसांमागं माझ्या बायकोचं, कलावतीचं, वर्षश्राद्ध झालं. तिची थोरली बहीण कौसाआक्का आष्टीत असते, तिला गुडघ्यांमुळं येता आलं न्हाई. मानाचं लुगडं तिच्या हातात द्यायचं राह्यलं होतं.

आन एक गोष्ट मी कुणाला बोललो न्हव्हतो, इथं लिहितो. मी चार वर्षं त्या गाडीला नावं ठेवली. चपटी म्हणलो, बेडकी म्हणलो. पण आता ती जाऊ नये असं मला वाटत होतं. कारण कलावतीच्या शेवटच्या वर्षात दवाखान्याच्या सगळ्या खेपा त्याच गाडीत झाल्या. अंकुशराव वाटूरला यायचे, ती पुढं डाव्या सीटवर बसायची, आन मी मागं, गुडघे हनुवटीला लावून. माझ्या जीपमध्ये ती तीस वर्षांत कधी पुढं बसली न्हाई. पुढची सीट पॅसेंजरची. ती आपली मागं, बाजारकरणी बायांच्या पाट्यांमध्ये. ह्या गाडीत ती पुढं बसली आन मला तिचं डोकं मागून दिसायचं. केस लई कमी झाल्ते. गाडीला नावं ठेवली की ती म्हणायची, "जावयाची गाडी लई झ्याक हाय. तुमाला काय कळतंय?" म्हणून मला ती सीट दुसऱ्याच्या दारात गेलेली बघायची न्हव्हती.

नवीन जालना

सकाळी निघालो. ह्या गाडीत माणूस चढत न्हाई, उतरतो. आधी बूड टाकायचं, मंग मान वाकवायची, आन शेवटाला पाय हातानं आत ओढून घ्यायचे. बसलो तर परसाकडं बसल्यागत वाटलं. मी तसं बोललो. सविता म्हणली, "आबा, लेकरं ऐकून राह्यलेत." लेकरं तर आधीच दात काढत होती.

चावी न्हाई, बटन. दाबलं. काहीच न्हाई. पुन्हा दाबलं. काहीच न्हाई. तिसऱ्यांदा दाबलं तसे अंकुशराव म्हणले, "मामा, चालू झाल्ती. तुम्ही बंद केली. मंग चालू केली, मंग बंद केली."

"चालू झाली तर बोंबलायची की!"

"ती बोंबलत न्हाई, मामा. तेच तर तिचं हाये."

स्टेशनच्या रस्त्याला आलो. पुढं हमाल पोत्यांचा हातगाडा आडवा घालून उभे, मागं ऑटोंची रांग. मी ब्रेक दाबला आन इंजिन गप झालं. सगळंच गप. मी म्हणलो, गेली! आमच्या लाइनीत रीत आहे, गाडी बंद पडली की पॅसेंजरला उतरा म्हणायच्या आधी ड्रायव्हर उतरतो. तीस वर्षांची सवय. दार उघडलं, कसाबसा बाहेर निघालो, एक हात स्टेअरिंगला आन खांदा दाराच्या चौकटीला लावून धक्का द्यायला सुरुवात केली. आतून अंकुशराव ओरडून राह्यलेत, "मामा! बसा! चालूच हाये! थांबली की इंजिन आपोआप झोपतं!"

मागचा ऑटोवाला, पोरगेलासा, रफिक म्हणत होते त्याला, पोट धरून हसला. "चाचा, जपान को धक्का मार रहे क्या?"

मी म्हणलो, "हस बेटा. तुझी बंद पडंल तवा मी बी हसंल."

पण तो लगेच उतरून आला आन गाडीच्या नाकावरून हात फिरवला. "एक नंबर चीज है. ऐसी अब बनतीच नहीं. बेचना मत, चाचा."

त्याच्या मागचा म्हातारा ऑटोवाला ऑटोतून मान बाहेर काढून म्हणला, "कशाची एक नंबर! अडीच माणसाची गाडी ती. बायको बसली तर सासू न्हाई, सासू बसली तर लेकरू न्हाई. माझ्या ऑटोत आठ बसतात."

"तुमच्या ऑटोतून दोन बाहेर लटकतेत, बाबा."

"लटकतेत, पण पोचतेत ना?"

रफिक आन म्हातारा तिथंच जुंपले. हातगाडा निघून गेला तरी त्यांचं चालूच. आम्ही बसलो आन निघालो. "अडीच माणसाची" हे नाव मला तिथं सापडलं, आन मी ते पुढं आष्टीपर्यंत वापरलं.

शहर सुटल्यावर रस्ता मोकळा झाला. इथं मी खरं लिहितो. गाडी रस्त्याला घोरपडीसारखी चिकटून चालती. वळणाला अंग टाकत न्हाई. ब्रेक लागतो तो जिथं म्हणाल तिथं. माझ्या जीपला ब्रेक मारला की ती आधी विचार करायची. ऐंशीवर गेलो तरी ग्लासातलं पाणी हललं नसतं. मला अशी मजा लई वर्षांत आली न्हव्हती. तोंडानं मात्र काही बोललो न्हाई. अंकुशराव सारखे माझ्या तोंडाकडं बघून राह्यले होते.

"कशी वाटती, मामा?"

"बघू."

मंग गतिरोधक सुरू झाले. आपल्या गावागावांतले गतिरोधक म्हणजे बांध. गाडीचं पोट घासतं. त्यावर अंकुशरावांनी उपाय काढलेला. गतिरोधक आला की ते खाली उतरायचे, वजन कमी करायचे, मी गाडी तिरकी घालून हळू काढायची, पलीकडं ते पुन्हा बसायचे. वाटूरपर्यंत असे अकरा वेळा उतरले. कंपनीतला साहेब माणूस, पँटीला इस्त्री, आन गाडीमागं पायी चालून राह्यला. एका गावात बसथांब्यावर एक म्हातारी बसलेली. तिनं विचारलं, "का रे बाबा, सासऱ्यानं उतरवलं का?"

अंकुशराव म्हणले, "न्हाई आजी, गाडी घासती."

"मंग अशी गाडी घेतलीच कशाला? त्यापरीस चालत जा."

"चालतच जाऊन राह्यलो, आजी."

वाटूर

माझं गाव. फाट्यावरच्या हाटेलात जुने काळी-पिवळीवाले बसतात. आता धंदा बहुतेकांचा बसला, पण बसायची जागा तीच. नामदेव आन शेख चाचा, दोघंही माझ्याबरोबरचे. गरम भजे आले, चहा आला. गाडीभोवती माणसं जमली. आमच्या वाटूरला नवी गाडी आली की लोक आधी टायर बघतात. टायरावर माणसाची ऐपत कळती म्हणतात.

नामदेवनं टायर बघितला, आत वाकून बघितलं, आन म्हणला, "हायब्रीड का? मंग हायब्रीड ज्वारीसारखंच. दाणा टपोरा, भाकरीला चव न्हाई."

शेख चाचा म्हणले, "नामदेव, दुष्काळात त्याच हायब्रीडनं तुझं घर जगवलं. तवा चव इचारली व्हती का?"

"जगवलं, ना न्हाई. पण तिचं बी दुसऱ्या साली धरता येत न्हाई. हिचं बी तसंच बघा. एकदा निघाली, संपली. वंश न्हाई."

बियाण्याचा विषय निघाला तसे अंकुशराव उठून उभे राह्यले. त्यांचा तो धंदाच. दोन चांगले गुण एकत्र आणायचे तर बी दरसाल नवं घ्यावं लागतं, तो दोष न्हाई, ती रीत आहे, असं ते भजं हातात धरून समजावत राह्यले. नामदेवनं सगळं ऐकून घेतलं आन म्हणला, "पाव्हणं, ज्वारीचं नवं बी दरसाल दुकानात मिळतं. तुमच्या गाडीचं कुठं मिळतं तेवढं सांगा."

अंकुशराव खाली बसले. भजं गार झालं होतं.

मी नामदेवला म्हणलो, "बस तरी आत. एक चक्कर मारू."

"न्हाई बसत. जीपमध्ये बसलो की चार माणसं राम राम घालतेत. हिच्यात बसलो की माणूस गावातून न्हाईसाच होतो. आपण खाली, आन कुत्रं वरून बघतंय."

चाचा बसले मात्र. परत आले तेव्हा डोळे मिटलेले होते. म्हणले, "बापू, आवाजच नहीं. मुझे लगा मैं मर गया और आराम से जा रहा हूं." त्यावर सगळे हसले. मंग कुणाला तरी कलावतीची आठवण आली आसंल, हसणं एकदम थांबलं. चाचांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी म्हणलो, "चहा सांगा अजून." मला तसले हात सहन होत न्हाईत.

रात्र आमच्याच घरी काढली. भाकरी अंकुशरावांनी हाटेलातून आणली. चूल तशीच आहे, मी पेटवत न्हाई.

परतूरच्या पुढं

दुसऱ्या दिवशी परतूर मागं टाकलं. दोन्ही अंगाला हुरड्यात आलेली ज्वारी, मधी हरभरा, लांब उसाचे ट्रॅक्टर. एका वळणाला अख्खा रस्ता भरून मेंढरं. मी गाडी हळू केली. हळू चालली की ती नुसती बॅटरीवर चालती, मांजरासारखी. मेंढरांना कळलंच न्हाई. आम्ही कळपाच्या मधोमध जाऊन उभे राह्यलो तरी एक मेंढी बुजली न्हाई. एक तर काचेजवळ येऊन माझ्याकडं बघत राह्यली. मेंढी वर, मी खाली. पोरपणी एवढी मेंढरं हाकली, पण मेंढीनं मला असं वरून कधी बघितलं न्हव्हतं.

मेंढक्या म्हाताराच होता, खांद्यावर घोंगडी. नाव-गाव विचारलं तर आमच्या सोयऱ्यांच्या पाहुण्यांतला निघाला. तो गाडीभोवती एक फेरी मारून म्हणला, "चांगली गाडी हाय."

अंकुशरावांना विश्वासच बसेना. "काय चांगलं वाटलं, बाबा?"

"हारन न्हाई, धूर न्हाई, भराभरा न्हाई. रस्त्यानं जाणारी गाडी माझी मेंढरं दोन शेतांत उधळून जाती. मंग शेतकरी मला शिव्या घालतो. ही आली, हुभी राह्यली, मेंढरांना पत्ता न्हाई. अशाच गाड्या करा म्हणावं कंपनीला."

"कंपनीनं बंद केली, बाबा."

"का बरं?"

"लोकांना आवडली न्हाई."

"मेंढरांना इचारलं न्हाई त्यांनी," म्हातारा म्हणला, आन अजिबात हसला न्हाई.

त्यानं आम्हाला बांधावर बसवलं. खतासाठी रानात कळप बसवल्याबद्दल शेतकऱ्यानं त्याला कणसं दिल्ती. गोवऱ्यांच्या आरात भाजली, हातावर चोळली, आन लसणाची चटणी. गरम हुरडा तळहातावर घेतला की बोलायचं सुचत न्हाई. अंकुशरावांचे हात भाजले, इस्त्रीच्या पँटीला राख लागली, पण चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा खुलला. मला म्हणले, "मामा, एक तरी माणूस माझ्या बाजूनं निघाला."

मी मनात म्हणलो, दोन.

आष्टी

आष्टीत लोक टायर बघत न्हाईत, नंबर बघतात. गाडी कुठल्या जिल्ह्याची, कुठल्या राज्याची, त्यावरून धनी कोण ते ठरवतात. बाजारपेठेतून कौसाआक्काच्या घरापर्यंत दहा जणांनी तरी, "तेलंगणाचे पाव्हणं आले," म्हणून सांगितलं आसंल.

आक्का ओट्यावर काठी घेऊन बसलेली. कलावतीपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, पण आवाज तोच. मागून ऐकला तर कलावतीच बोलून राह्यली असं वाटतं. मी लुगडं तिच्या हातात दिलं. तिनं ते मांडीवर ठेवून नुसतं थोपटलं. अंकुशराव उगाच अंगणातली तुळस बघत राह्यले.

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. संतोष नावाचा, तिशीतला, मोसंबीची बाग आन जोडीला लग्नाचा मंडप-डेकोरेशन. त्याला गाडी नवरा-नवरीसाठी पाहिजे होती. "काका, दोघंच बसतात हेच तर मला पाहिजे," म्हणला. "नवरदेवाच्या गाडीत आत्या, मामा, करवल्या घुसतात. ह्या गाडीत घुसूच शकत न्हाईत."

हसू आलं मला. पोरगा हुशार होता. मंग तो म्हणला, "अंकुशराव त्यांच्या गाडीचं चांगलंच सांगणार. तुम्ही ड्रायव्हर माणूस, काका. तुम्ही सांगाल ते मी मानतो. कशी हाय?"

आन मी सांगितलं. बॅटरी दमली. पार्ट मिळत न्हाई. पोट घासतं. कुठल्या मिस्त्रीला हात लावता येत न्हाई. घाटात जोर कमी. मागच्या सीटवर मांजर बसंल. कंपनीनं बंद केली, का केली त्याचा इचार कर. एकेक बोट मोडत सांगितलं. त्यातलं एकही खोटं न्हव्हतं. पण काल रस्त्यावर जे बघितलं, वळण, ब्रेक, घोरपडीसारखी चाल, त्यातलं एक अक्षर बोललो न्हाई.

संतोषचं तोंड उतरलं. "बरं झालं काका, खरं बोललात," म्हणून गेला.

अंकुशराव आनंदात. गाडी वाचली. मी पोटभर जेवलो, आक्काच्या सुनेनं दाण्याची आमटी आन बाजरीची भाकरी केल्ती. आमच्याकडं आमटी पातळ असते, यांच्याकडं भाकरीवर वाढली तर वाहत न्हाई. दोन वेळा घेतली. झोप मात्र लागली न्हाई.

सकाळी ओट्यावर आक्का म्हणली, "पाव्हणं, गाडी इकली न्हाई म्हणं."

"न्हाई."

"का?"

मी म्हणलो, "आक्का, कलाला लई आवडायची. तिची जागा हाय त्यात."

आक्कानं माझ्याकडं असं बघितलं की जसं मी दुसऱ्याच्या बायकोचं नाव घेतलं. "कुणाला आवडायची? कलीला? आवं, ती फोनवर त्या गाडीला शिव्या घालायची! बसताना कंबर जाती, उतरताना जीव जातो, म्हणायची. एवढी मोठी कंपनी, जरा उंच करायला काय झालं व्हतं मेल्यांना!"

"मला तर झ्याक म्हणायची."

"जावई एवढा हौसेनं न्यायला येतो. त्याच्या तोंडावर वाईट म्हणंल व्हय? आन तुम्ही नावं ठेवायचे म्हणून तुमच्यासमोर जास्तच चांगलं म्हणायची."

अंकुशराव, हे तुम्ही वाचाल तेव्हा राग धरू नका. तोंडावर सांगायला मला जमलं न्हाई.

आक्का पुढं म्हणली, "शेवटी शेवटी म्हणाली, सवी एवढं मोठं लेकरू मांडीवर घेऊन बसती, मला बघवत न्हाई. माझ्या खेपा संपल्या की इका म्हणावं. माझ्यासाठी ठेवलीय त्यांनी."

मी जमिनीकडं बघत बसलो. मंग आक्का हसली. म्हणली, "पण एक म्हणायची हां. उतरता येत न्हाई तवा मालक दोन्ही हात धरून वढून काढतेत. भर जालन्याच्या बाजारात, दवाखान्याच्या दारात, सगळ्यांदेखत. म्हणाली, आक्का, एवढी वर्षं संसार केला, चारचौघांत त्यांनी कधी बोटाला बोट लावलं न्हाई. ह्या मेल्या गाडीनं हात धरायला लावला."

खरं होतं ते. मी मागून आधी कसाबसा निघायचो, पुढून फिरून यायचो, आन ती दोन्ही हात पुढं करून बसलेली असायची. "वढा," म्हणायची. मी वढायचो. वजन काही राह्यलं न्हव्हतं तिचं. मला तेव्हा गाडीचा राग यायचा. तिला काय वाटून राह्यलंय ते मला ठावं न्हव्हतं.

मी उठलो. अंकुशराव आंघोळीला गेल्ते. त्यांना हाक मारून सांगितलं, "मी संतोषकडं जाऊन येतो. गाडी घेऊन." त्यांनी आतूनच विचारलं, "कशाला?" तोवर मी बटन दाबलं होतं.

संतोष बागेत होता. मला बघून म्हणला, "काका, काल तर तुम्ही…"

"काल अर्धं सांगितलं. आता राह्यलेलं सांगतो. बस."

त्याला डाव्या बाजूला बसवलं आन मोकळ्या रस्त्याला घातली. वळण दाखवलं. ब्रेक दाखवला. हळू करून बॅटरीवर चालवली, त्याला पाखरं ऐकू आली. म्हणलो, "आता तू चालव." पोरगा चालवायला बसला आन दोन मैलांत त्याचं मन गाडीवर बसलं. मला ती नजर कळती. माझी जीप पहिल्यांदा हातात आली तेव्हा माझी तशीच होती. तरी मी पुन्हा म्हणलो, "बॅटरीचं काल सांगितलं ते खरंच हाय. ते इसरून घेऊ नको."

"न्हाई इसरत, काका. लग्नाला गाडी हळूच चालवायची असती. वाजंत्रीच्या मागं."

संतोषला घेऊन घरी आलो तेव्हा अंकुशराव वाट बघत ओट्यावर उभे. संतोषचं तोंड बघून त्यांना कळलं. रागानं बोलले न्हाईत. एवढंच म्हणले, "मामा, तुम्ही दोन दिवस काही बोलला न्हाईत. मला वाटलं तुम्हाला आवडली."

"आवडली."

"मंग?"

"सविता सांगती ते बराबर हाय. चार दारांची घ्या. आपलं ठरलंय, मी म्हणंल ते."

त्यांनी शब्द पाळला. मोठा माणूस आहे, मला तेव्हा कळला. सौदा झाला. गाडीला आक्काच्या सुनेनं हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. संतोषची बायको हौसेनं पुढं बसली. अंकुशरावांनी चावीचं कार्ड तिच्या हातात दिलं आन बाजूला होऊन उगाच मोबाइल बघत राह्यले. काहीच आलं न्हव्हतं त्यांच्या मोबाइलवर.

परत

आष्टीहून परतूरला काळी-पिवळीनं निघालो. ड्रायव्हर ओळखीचा न्हव्हता, तरी मी त्याचं गिअर टाकणं बघत होतो. चांगलं टाकत होता. मधल्या सीटवर पाच जण, एक बाई कोंबडी घेऊन. अंकुशराव माझ्या डाव्या अंगाला खिडकीशी, मांडीवर बॅग. मेंढरं काल होती तिथं आज नुसत्या लेंड्या होत्या.

परतूरची वेस दिसायला लागली तसे ते म्हणले, "मामा, मावशी सकाळी काय म्हणून राह्यल्या होत्या? मामींचं काही?"

"हां."

"मामींना गाडी आवडायची ना?"

जीपला एक मोठा हिसका बसला, कोंबडी ओरडली. मी आयुष्यात तोंडावर खोटं बोललो न्हाई आन आता शिकायचं वय न्हाई. मी मनात दोन वेळा शब्द जुळवून बघितले.

"आक्काला ती म्हणली व्हती," मी म्हणलो, "ह्या गाडीतून उतरायला मला लई आवडतं."

"उतरायला?"

"हां. उतरायला."

अंकुशराव माझ्याकडं बघत राह्यले. म्हणले, "बसायला म्हणाल्या असतील, मामा."

"उतरायलाच," मी म्हणलो. "मी नीट ऐकलंय."

त्यांना काही कळलं न्हाई. पण ते हसले, आन बॅग खाली ठेवून नीट सरकून बसले, म्हणजे मलाही जागा झाली.